पहिला नायट्रो ट्रक: आधी इंधन पाहावे, मग गाडी

रिमोटवर चालणारा, खऱ्या इंजिनाचा ट्रक घ्यायचे ठरवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. दुसरा प्रश्न दिसण्याचा असतो आणि तिसरा किमतीचा. इंधन कुठून आणायचे हा प्रश्न बहुधा गाडी घरी आल्यावरच पडतो, आणि तो वेळेवर न सुटल्यामुळे बऱ्याच चांगल्या गाड्या कपाटावर जाऊन बसतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की ही निवड उलट्या टोकाकडून करावी. आपल्या किंवा जवळच्या शहरात कोणते इंधन नियमित मिळते, कोणत्या गाडीचे सुटे भाग पंधरा दिवसांत हातात पडतात आणि इंजिन रुसले तर ते कोणाला दाखवता येईल, हे आधी शोधून काढावे. या तीन उत्तरांत बसणारे जे दोन-तीन ट्रक उरतील, त्यांतून मग मनाला आवडेल तो उचलावा. असे का, हे समजण्यासाठी नायट्रो म्हणजे काय ते मुळापासून पाहावे लागते.

या शब्दामुळे दोन गैरसमज होतात. पहिला असा की ही गाडी पेट्रोलवर चालते, आणि दुसरा असा की शर्यतीच्या मोटारींत बसवतात तसला नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर हिच्यात असतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. नायट्रो इंधन हे तीन द्रवांचे मिश्रण असते. सर्वांत मोठा वाटा मिथेनॉलचा; त्यात साधारण 10 ते 30 टक्के नायट्रोमिथेन घातलेले असते, ज्यावरून हे नाव पडले; आणि तिसरा घटक म्हणजे तेल, एरंडेल किंवा कृत्रिम किंवा दोन्ही मिळून. ज्यांच्या घरी कधीकाळी चेतक होती त्यांना या तेलाचे कारण वेगळे सांगायला नको. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळा साठा नसतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांना जे काही वंगण मिळते ते इंधनाबरोबर आत येणाऱ्या तेलाचेच. चेतकमध्ये पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालायचे राहिले तर इंजिन जाम होई, तोच नियम इथे लागू आहे, फरक इतकाच की इथे तेल डब्यातच मिसळून येते. सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर आणि धाव संपल्यावर चॅसिसवर जमलेला चिकट थर हे त्याच तेलाचे असतात.

आता नायट्रोमिथेन नेमके काय करते ते पाहू. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा ग्रॅमच्या आसपास पुरते आणि नायट्रोमिथेनचे काम अवघ्या 1.7 ग्रॅम हवेत भागते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजनचे दोन अणू असतात. सिलिंडरमध्ये प्रत्येक फेरीला मावणारी हवा ठरलेली असल्यामुळे, ज्या द्रवाला हवा कमी लागते तो द्रव त्याच हवेत जास्त जाळता येतो. ग्रॅमला ग्रॅम तोलले तर नायट्रोमिथेन पेट्रोलच्या जेमतेम चौथा हिस्सा उष्णता देते, पण तेवढ्याच हवेत ते आठपटींहून अधिक जाळता येत असल्याने एकूण हिशेबात पेट्रोलच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद पदरात पडते. शिवाय त्यामुळे इंजिन मंद गतीवर स्थिर राहते. मात्र याचा दुसरा अर्थ असा की या इंजिनात इंधन भरपूर ओतले जाते आणि टाकी फार लवकर रिकामी होते.

डब्यावर लिहिलेला 16, 20, 25 किंवा 30 हा आकडा नायट्रोमिथेनची टक्केवारी सांगतो. नवख्याने 16 ते 20 टक्क्यांचे इंधन घ्यावे, त्याहून जड घेऊ नये. 30 टक्क्यांचे इंधन महाग असते आणि त्यातून मिळणारी जास्तीची ताकद नव्या हाताला पेलत नाही. युरोपीय संघात तर 2021 पासून 16 टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेले इंधन सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय विकता येत नाही, कारण हा पदार्थ स्फोटके बनवण्यासाठीही वापरता येतो. म्हणून तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी गाडी निवडतानाच तिचे इंजिन 16 टक्क्यांवर समाधानाने चालते की नाही ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. टक्केवारीइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष तेलाच्या प्रमाणाकडे द्यायला हवे. शर्यतीच्या इंधनात तेल कमी ठेवलेले असते, कारण शर्यतवाल्याचे ट्यूनिंग अचूक असते. नवख्याच्या चुका पोटात घालण्यासाठी 12 टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे जास्त तेल असलेले इंधन बरे. विमानांच्या मॉडेलसाठी मिळणारे इंधन दिसायला तसेच असले तरी त्यात नायट्रो आणि तेल यांची प्रमाणे वेगळी असतात. दुकानदार तेच चालेल म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे.

मिथेनॉलविषयी इथे थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण हे ट्रक बरेचदा मुलांच्या हौसेखातर घरात येतात. मुंबईत मालवणी इथे 2015 साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दारूत हेच मिथेनॉल होते. ते पोटात गेले तर डोळे जातात आणि जीवही जातो. त्वचेतूनही ते शरीरात शिरते. म्हणून इंधनाची नळी तोंडाने ओढू नये, इंधन सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नये, हातमोजे घालावेत आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा थंड जागी कुलपात असावा. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागली आहे हे उष्णता जाणवेपर्यंत कळत नाही. याच धोक्यामुळे हे इंधन प्रवासी विमानातून सामानात नेता येत नाही. अमेरिकेहून येणारा भाऊ ट्रक बॅगेत घालून आणू शकतो, इंधन आणू शकत नाही. आणि एकदा इंधन भरून चालवलेला ट्रक असेल तर तोही विमानात नाकारला जाऊ शकतो. निवड इंधनापासून सुरू करावी असे मी म्हणतो त्याचे हे सर्वांत ठोस कारण आहे.

मिथेनॉल हवेतला ओलावा शोषते, तोही झपाट्याने. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात झाकण सैल राहिलेला डबा थोड्याच दिवसांत निकामी होतो, आणि मग इंजिन सुरू होत नाही म्हणून नवखा माणूस कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो. यावर उपाय म्हणजे लहान डबा घेणे. हिशेब सोपा आहे: दहाव्या प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या, बऱ्याच ट्रकांची टाकी 75 मिलिलिटरची असते आणि ती साधारण दहा मिनिटे पुरते, म्हणजे एका लिटरमध्ये तेरा टाक्या आणि दोन तासांहून थोडे जास्त चालवणे होते. त्यांतल्या पहिल्या पाच टाक्या नवे इंजिन मुरवण्यातच जातात. महिन्यातून दोन रविवार चालवणाऱ्याला मोठ्या कॅनची गरज नसते.

इंधनानंतर ते पेटवणारी वस्तू येते, तिला ग्लो प्लग म्हणतात. स्कूटरच्या प्लगसारखी ठिणगी इथे पडत नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनम मिश्रधातूच्या तारेचे लहानसे वेटोळे असते. सुरुवातीला त्याला इग्नायटर लावून दीड व्होल्टची वीज दिली की ते लालबुंद होते. इंजिन चालू झाल्यावर इग्नायटर काढून घेतला तरी वेटोळे तापलेलेच राहते, कारण प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ रासायनिक क्रिया करते आणि त्या क्रियेतून उष्णता निघत राहते. पेट्रोलबाबत प्लॅटिनम असे वागत नाही, म्हणून या इंजिनात पेट्रोल घालून काहीही साधत नाही. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी 1947 च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि बॅटरी, कॉइल यांचे ओझे गेल्यामुळे मुठीत मावणारी इंजिने घरोघरी पोहोचली. प्लग गरम, मध्यम आणि थंड अशा जातींत येतो. मध्यम जातीचे दोन-तीन जास्तीचे प्लग ट्रकबरोबरच घेऊन ठेवावेत, कारण चालता चालता बंद पडण्याचे सर्वांत साधे कारण जळालेला प्लग हेच असते.

इंजिनाच्या आत एक विलक्षण गोष्ट आहे, आणि ती समजली की निवडीतल्या निम्म्या शंका मिटतात. या इंजिनांच्या पिस्टनला बहुधा रिंग नसतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन, तो ज्यात वर-खाली सरकतो ती पितळेची बाही आणि बाहीच्या आतून क्रोमचा मुलामा, अशी रचना असते. ती बाही वरच्या टोकाला किंचित अरुंद ठेवलेली असते. थंड इंजिन हाताने फिरवले तर पिस्टन सर्वांत वर पोहोचताना अडकल्यासारखा होतो. पुष्कळ जणांना तो दोष वाटतो, पण नव्या इंजिनाची तीच तर खूण आहे. इंजिन तापले की पितळेची बाही ॲल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा जास्त फैलावते आणि मग दोघांमध्ये तेलाच्या पातळ थरापुरती नेमकी जागा उरते. थंड असताना घट्ट आणि गरम असताना बरोबर, असे हे मोजमाप असल्यामुळे नवे इंजिन थंड असताना पुन्हापुन्हा घुमवणे म्हणजे पिस्टन घासून काढणे होय. सुरू करण्यापूर्वी हेअर ड्रायरने डोके कोमट करून घेणारे लोक म्हणूनच शहाणे ठरतात.

माझा पहिला ट्रक वापरलेला होता. विकणाऱ्याने तो माझ्यासमोर सुरू केला, अंगणात दोन मिनिटे फिरवला, आणि मी पैसे मोजले. मैदानावर दहा मिनिटांनी ट्रक बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुरू झाला, तापल्यावर पुन्हा बंद. बाही झिजलेली होती. थंड असताना ती पिस्टनला कसेबसे धरत होती, गरम होऊन फैलावली की दाब निसटून जात होता. झिजण्याचे कारण एअर फिल्टरचा स्पंज काढल्यावर कळले: त्यावर तेलाचा थेंब नव्हता आणि आतल्या नळीत बोटाला मुरमाची तांबूस पूड लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की वापरलेला ट्रक पाहायला जाताना इंजिन थंड आहे याची खात्री करावी, प्लग तसाच ठेवून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक, बोटाने फिरवावे आणि वरच्या टोकाला अडखळ जाणवते का ते पाहावे. मग एक पूर्ण टाकी चालवायला सांगावी, गरम असतानाच बंद करावे आणि तिथल्या तिथे पुन्हा सुरू करून दाखवायला सांगावे. विकणारा याला तयार नसेल तर परत यावे.

आता आकार. इंजिनांची मापे घन इंचाच्या शतांशात सांगण्याची पद्धत आहे: 15 म्हणजे साधारण अडीच सीसी, 18 म्हणजे 3 सीसी, 21 म्हणजे साडेतीन सीसी आणि 28 म्हणजे 4.6 सीसी. गाडीचे प्रमाणही अपूर्णांकात असते. दहावे प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, आठवे म्हणजे त्याहून मोठे आणि जड. पहिल्या ट्रकसाठी दहावे प्रमाण आणि 15 किंवा 18 चे इंजिन ही जोडी मला योग्य वाटते. आठव्या प्रमाणाची, 21 किंवा 28 ची गाडी मोठ्या मैदानावर फार देखणी धावते, पण तिची टाकी मोठी, टायर महाग आणि भिंतीवर आदळल्यावरचा खर्चही त्याच मानाने मोठा.

ट्रकमध्येही जाती आहेत. स्टेडियम ट्रक बुटका, रुंद आणि बहुधा मागच्या दोन चाकांवर चालणारा असतो. त्यात भाग कमी, म्हणून दुरुस्ती सोपी आणि किंमत बेताची, पण ढेकळांत तो अडतो. ट्रगी ही मुळात बग्गी नावाच्या शर्यतीच्या बुटक्या रिमोट गाडीची रुंद बहीण आहे आणि ती शर्यतीच्या ट्रॅकवरच शोभते. मॉन्स्टर ट्रक उंच, मोठ्या चाकांचा आणि चारही चाकांवर जोर लावणारा असतो. आपल्याकडे गुळगुळीत ट्रॅक विरळाच, आणि खरी जागा म्हणजे शाळेचे सुट्टीतले मैदान, माळरान किंवा पीक निघालेले शेत, त्यामुळे मी मॉन्स्टर ट्रककडेच बोट दाखवतो. या जातीला घरोघरी नेले ते टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीच्या टी-मॅक्स या गाडीने. ती 1999 मध्ये आली, तिला मागेही जाता येत होते आणि पेटीतून निघाल्यावर बांधत बसावे लागत नव्हते. त्यानंतर एचपीआयचा सॅव्हेज, ट्रॅक्ससचाच रेव्हो आणि जपानच्या क्योशोचे ट्रक याच वाटेने आले. मागे जाण्याची सोय आकर्षक असली तरी तिच्यासाठी वेगळा सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडा हलवणारी लहान मोटर) आणि जास्तीचे गिअर लागतात; पहिल्या ट्रकमध्ये ती नसली तर बिघडत नाही, दहा पावले चालून गाडी वळवता येते.

यांपैकी कोणता घ्यावा, याचे उत्तर पुन्हा सुट्या भागांवर येते. ट्रक आदळणार, यात शंका नाही, आणि आदळल्यावर मोडणारे भाग ठरलेले असतात: पुढची चाके धरणारे ए-आर्म, शॉकची टोके, स्टिअरिंगच्या कांड्या. आदळल्याशिवाय झिजणारे भागही ठरलेले: स्पर गिअर, क्लचचे शू आणि क्लच बेलमधली दोन बारीक बेअरिंग. ज्या ट्रकचे एवढे भाग दुकानात टांगलेले दिसतात, किंवा देशातल्याच विक्रेत्याकडे नावानिशी आणि क्रमांकानिशी मिळतात, तो ट्रक आपला. चीनमधल्या एचएसपीचे ट्रक स्वस्त असतात आणि ते निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकले जातात. त्यांचे प्लास्टिक आणि स्क्रू महागड्या गाड्यांच्या तोडीचे नसतात, पण भाग पुष्कळ आणि स्वस्त मिळतात, त्यामुळे शिकण्यासाठी ते मी कमी लेखत नाही. ज्याचे नावच कोणी ऐकलेले नाही असा देखणा ट्रक मात्र कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. आणि हाताशी असलेली सगळी रक्कम ट्रकवर घालवू नये: माझ्या मते तिसरा हिस्सा इंधन, इग्नायटर, इंधन भरायची बाटली, प्लग, प्लगचा पाना, स्क्रू जागेवर राखणारा गोंद, फिल्टरचे तेल आणि तापमान मोजायची बंदूक यांसाठी बाजूला काढावा. पेटीवर चालवायला तयार असे लिहिलेले असले तरी ही पिशवी वेगळीच भरावी लागते.

सुरू करण्याच्या पद्धतीही निवडीत धरायला हव्यात. दोरी ओढण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण दोरी हातभरापेक्षा जास्त आणि हिसक्याने ओढली की ती तुटते. काही ट्रकांना मागून दांडा घालून बॅटरीवरच्या हातमशीनने इंजिन फिरवता येते, आणि लहान मुलगा चालवणार असेल तर ही पद्धत बरी. दोन्हींत एक गोष्ट लक्षात ठेवावी: इंधन जास्त आत गेले तर सिलिंडर द्रवाने भरतो, द्रव दाबला जात नाही आणि दोरी एकदम घट्ट होते. तेव्हा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढावा, गाडी उलटी धरावी, डोळे आणि चेहरा बाजूला ठेवून दोरी दोन-तीनदा हलक्या हाताने ओढावी; आतले इंधन बाहेर पडते.

रेडिओ हल्ली बहुधा 2.4 गिगाहर्ट्झचा असतो आणि त्यात दोन गाड्यांचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या ट्रकबरोबर 27 मेगाहर्ट्झचा, क्रिस्टल बदलायचा रेडिओ आला तर तो बदलून घ्यावा. मात्र विक्रेत्याला विचारायचा खरा प्रश्न फेलसेफचा आहे. गाडीवरच्या रिसीव्हरची आणि सर्व्होंची बॅटरी इंजिनापासून वेगळी असते. ती संपली तरी इंजिन चालूच राहते आणि सर्व्हो जिथे असेल तिथे गोठतो. थ्रॉटल उघडा असताना असे झाले तर तीन-चार किलोची गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने कोणाच्या तरी पायांकडे जाते. संदेश तुटला किंवा बॅटरी उतरली की थ्रॉटल आपोआप बंद करून ब्रेक लावणारी सोय म्हणजे फेलसेफ. ती ट्रकमध्ये आहे का, आणि तिची मांडणी केलेली आहे का, हे विचारावे. चाके जमिनीपासून उचलून, रिमोट बंद करून ते स्वतः पाहावे. कार्बोरेटरला मागे ओढणारी एक स्प्रिंगही असावी. या दोन गोष्टी नसतील तर तो ट्रक मुलाच्या हाती देऊ नये.

आता राहिले ट्यूनिंग, ज्याला सगळे घाबरतात. कार्बोरेटरवर एक मोठी सुई जोरात चालतानाचे इंधन ठरवते, दुसरी लहान सुई मंद गतीचे, आणि एक स्क्रू इंजिन किती हळू फिरावे ते सांगतो. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, त्याला लीन म्हणतात. उलट दिशेने फिरवली की इंधन जास्त, त्याला रिच म्हणतात. रिच इंजिन सुस्त चालते, धूर सोडते आणि जगते. लीन इंजिन तडफदार चालते, धूर सोडत नाही आणि तेलही कमी मिळाल्यामुळे काही मिनिटांत जळून जाते. नवख्याने कायम रिचच्या बाजूला राहावे आणि एका वेळी सुई एका फेऱ्याच्या आठव्या हिश्शापेक्षा जास्त फिरवू नये. तापमान मोजायला बंदूक नसेल तर पाण्याचा थेंब पुरतो: एका फेरीनंतर इंजिनाच्या डोक्यावर बोटाने थेंब सोडावा. तो चरचरत तीन-चार सेकंदांत आटला तर ठीक. तव्यावर उडतो तसा टाकताच उडून गेला तर इंजिन फार तापले आहे, सुई उघडावी. आणि नुसताच वाफाळत बसून राहिला तर इंजिन रिच आहे. इंजिन ठीक असेल तर बंदुकीवर आकडा 100 ते 125 अंश सेल्सिअसच्या मध्ये दिसतो.

हवेप्रमाणे हे बदलते, आणि आपल्याकडे ते बरेच बदलते. थंड, कोरड्या हवेत ऑक्सिजन दाट असतो, त्यामुळे इंधनही जास्त लागते. तापलेल्या किंवा दमट हवेत कमी लागते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बसवलेली सुई डिसेंबरच्या सकाळी तशीच ठेवून ट्रक पळवला तर तो लीन होतो आणि इंजिन जाते. उंचीचाही परिणाम असतो: मुंबईत समुद्रसपाटीवर नीट चालणारा ट्रक महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, विरळ हवेमुळे धूर ओकत रिच चालतो. तो तिथे लीन करून घेतला तर परत खाली उतरल्यावर सुई पुन्हा उघडायचे विसरू नये. म्हणून ट्रक निवडताना पाहावे की टोपी, म्हणजे गाडीवरचे प्लास्टिकचे कवच, न काढता मोठी सुई पेचकसाने फिरवता येते का, आणि इंजिनाच्या डोक्यावर टोपीला पुरेसे मोठे भोक आहे का. झाकलेले डोके आपल्या उन्हाळ्यात थंड होत नाही.

जागेचाही विचार आधीच व्हावा. हे इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेते आणि त्याचा आवाज सोसायटीच्या आवारात कोणी सहन करणार नाही, त्यांनी करूही नये. मैदान जवळ नसेल, किंवा ज्याला फक्त वेग हवा असेल, त्याने बॅटरीवरचा ट्रक घ्यावा. तो आज नायट्रोपेक्षा वेगवान आणि निगराणीला सोपा आहे. नायट्रो त्याने घ्यावा ज्याला इंजिन ऐकायचे आहे, जो प्रत्येक खेळानंतर अर्धा तास पुसायला देईल.

तो अर्धा तास कसा जातो ते निवडीपूर्वीच पाहून ठेवावे. टाकी रिकामी करायची, उरलेले इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, स्पंजचा फिल्टर धुऊन, सुकवून, पुन्हा तेलात मळायचा, मग प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन, म्हणजे खेळ संपल्यावर घालायच्या, तेलाचे काही थेंब सोडून इंजिन चार-पाचदा हाताने घुमवायचे. उरलेले मिथेनॉल ओलावा ओढते आणि बेअरिंगला गंज चढवते, त्यावर हाच उपाय आहे. शेवटी फ्लायव्हील फिरवून पिस्टन सर्वांत खाली आणून ठेवायचा, कारण तो अरुंद टोकाशी अडकून थंड झाला तर बाही ताणली जाते. दर वेळी प्लग काढून पाहावे लागू नये म्हणून फ्लायव्हीलच्या कडेवर पक्क्या शाईच्या पेनाने एक रेघ मारून ठेवतात. रेघ वर आली की पिस्टन खाली. दुकानात ट्रक हातात घेतल्यावर टोपी काढायला लावावी आणि त्या फ्लायव्हीलपर्यंत आपले बोट पोहोचते का, हे तिथेच करून पाहावे.